हिरवी पट्टी

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की शिसारीताई. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. ज्या गोष्टीची शिसारी यायला हवी तिची येत नसेल तर माणसानं एकदा स्वतःचं नाक तपासून घ्यावं, असं तिचं सरळ मत होतं.

आणि त्या ऑफिसात शिसारीला काही तोटा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, तिला एकच खिडकी, आणि ती खिडकीही शेजारच्या खानावळीच्या धुराड्याकडे तोंड करून बसलेली. बेसिनपाशी कप साचायचे. चहाचा तळ वाळायचा, त्यावर बुरशी धरायची, मग कोणीतरी त्या कपाला हात न लावता नवा कप काढायचा. हात पुसायला एक टॉवेल होता. तो मुळात कोणत्या रंगाचा होता हे सांगू शकणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. ताई स्वतःचा कप घासून ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायची आणि हात स्वतःच्या रुमालाला पुसायची. त्यावरून तिची टिंगल चालायची. चालू दे म्हणायची.

पण कप आणि टॉवेल ही किरकोळ शिसारी. तिची खरी शिसारी कोडची. दुसऱ्यानं लिहिलेला कोड उघडला की ती आधी "शी!" म्हणायची, खुर्चीत जराशी मागे सरायची आणि मग बाह्या वर करून साफ करायला बसायची. शी म्हटल्याशिवाय तिचा हात चालत नसे. नवरा म्हणायचा, "तू भाजीकडेसुद्धा अशी बघतेस, जणू तिनं तुझ्यापासून काहीतरी लपवलंय." ती म्हणायची, "लपवतातच. भाजीवाला खाली सडकी घालतो आणि वर ताजी मांडतो." नवऱ्यानं हा विषय कधीच सोडून दिला होता.

ही कंपनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध काउंटरचा प्रोग्राम सांभाळायची. काम ऐकायला साधं आहे. डॉक्टरच्या खोलीतून रुग्णाची माहिती एक्सएमएल फाइलमधून येते, म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिच्या नावाची चिठ्ठी लावून येते. हे वय, हे वजन, ही औषधं, ही ॲलर्जी. प्रोग्राममध्ये एक वाचक असतो. हाडामांसाचा नव्हे, तोही प्रोग्रामच. तो ती फाइल वाचतो आणि एकेका गोष्टीसाठी ठरलेला साचा उचलून त्यात माहिती ओततो. या साच्याला म्हणायचं क्लास. रुग्णाचा क्लास, औषधाचा क्लास, ॲलर्जीचा क्लास. साचे भरले की काउंटरवरच्या बाईच्या पडद्यावर रुग्ण उभा राहतो. त्याला मागवलेल्या औषधाची ॲलर्जी असेल तर डोक्यावर लाल पट्टी येते आणि ते औषध काउंटर ओलांडत नाही. नसेल तर हिरवी पट्टी, त्यावर "ॲलर्जी नाही", आणि औषध वरच्या मजल्यावर.

ज्या भाषेत हा प्रोग्राम लिहिला होता तिची नवी आवृत्ती आली होती आणि सगळं तिच्यावर नेऊन ठेवायचं काम बोक्याकडे होतं. बोका म्हणजे ताईच्या शेजारच्या टेबलावरचा तिशीतला प्रोग्रामर. जेवला की डोळे मिटायचा, आणि कोणी हाक मारली तर "विचार करतोय" म्हणायचा. त्याच्या कीबोर्डात इतकं बिस्किट सांडलेलं होतं की एखादी मुंगी त्यावर घर चालवू शकली असती. सोमवारी हॉस्पिटलात नवा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. आणि मंगळवारी त्याच हॉस्पिटलात ताईच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

आई ताईकडेच राहायची. ही बाई म्हणजे एक नमुना होती. पाय घसरून पडली तरी "काही नाही" म्हणायची, ताप चढला तरी "काही नाही". पूर्वी एकदा दाढ काढल्यावर कुठल्याशा जंतुनाशक औषधानं तिचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, डोळे दिसेनासे झाले, तेव्हाही आरशात बघून ती म्हणाली होती, "काही नाही, झोप जास्त झाली." त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की हे औषध पुन्हा पोटात गेलं तर सूज चेहऱ्यावर थांबणार नाही, गळ्यात उतरेल. म्हणून हॉस्पिटलात नाव घालताना ॲलर्जीच्या रकान्यात त्या औषधाचं नाव ताईनं स्वतः भरलं होतं. आईवर सोडलं असतं तर तिथेही "काही नाही" लागलं असतं.

शुक्रवारी जेवणानंतर, बोका विचार करत असताना, ताईनं सहज म्हणून नवा प्रोग्राम चालवून बघितला. एक खोटा रुग्ण तयार केला, त्याला आईचं वय दिलं, आईची ॲलर्जी दिली, आणि तेच औषध मागवलं.

हिरवी पट्टी आली. "ॲलर्जी नाही."

तिनं फाइल पुन्हा तपासली. ॲलर्जी तिथे होती, चिठ्ठी लावून, ठसठशीत. पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवी. फाइलमध्ये आहे आणि पडद्यावर नाही, म्हणजे मधे कोणीतरी खातंय. तिनं बोक्याचा कोड उघडला आणि इतक्या मोठ्यानं "शी!" म्हणाली की बोका विचारातून जागा झाला.

आत काय होतं ते सांगायला हवं, कारण या घाणीला एक परंपरा आहे. ऑफिसात दोन मंत्र होते. एखादा क्लास हाताळता येत नाही असा एरर आला की पहिला मंत्र, "उघडा टाक." म्हणजे क्लासची सगळी दारं सताड उघडी करून टाकायची, कोणीही या, कशालाही हात लावा. तरीही एरर गेला नाही तर दुसरा मंत्र, "गिळून टाक." म्हणजे एरर आला की तो पकडायचा, कोणाला दाखवायचा नाही, आणि काहीच झालं नाही असं समजून पुढे जायचं. बोक्यानं दोन्ही केलं होतं. एकूण एक क्लास उघडे टाकले होते, ज्यांचा या भानगडीशी संबंध नव्हता तेसुद्धा. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि एरर तरीही ओरडत राहिला तेव्हा त्यानं तो गिळला होता, त्याच्या जागी रिकामी यादी पुढे सरकवली होती, आणि वर एक शेरा मारला होता. "नंतर बघू."

रिकाम्या यादीचा अर्थ पट्टीनं लावला होता, ॲलर्जी नाही. वाचकाला ॲलर्जी वाचताच आली नव्हती, आणि पडदा छातीवर हात ठेवून सांगत होता की नाहीच.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"ते होय? तात्पुरतं आहे, ताई. तो क्लास ॲक्सेसचा एरर जातच नव्हता."

"म्हणून गिळलास?"

"अहो, सगळं तर चाललंय. टेस्टचे सगळे रुग्ण हिरवे येतायत."

"टेस्टच्या एका तरी रुग्णाला ॲलर्जी आहे का?"

बोक्यानं बघितलं. नव्हती. सगळे धडधाकट होते.

"हिरवं येतंय कारण दुसरं काही येऊच शकत नाही, गाढवा! उद्या विष मागवलं तरी हिरवंच येईल. मला विचारायचंस तरी. शेजारी बसते मी तुझ्या, हात लांब केलास तर माझ्या टेबलाला लागतो."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते सगळ्या ऑफिसला पाठ आहे," बोका पुटपुटला.

चोराच्या उलट्या बोंबा, ताईला वाटलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिळणाऱ्या त्या ओळी तिनं तिथल्या तिथे काढून टाकल्या आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. आता तो जिवाच्या आकांतानं ओरडला. अख्खा पडदा एररनं भरला आणि चाचणीचं काउंटर बंद पडलं.

नेमके त्याच वेळी साहेब आले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, हॉस्पिटलच्या लोकांना फोनवर शब्द देऊन बसलेले. त्यांनी पडदा बघितला.

"हे सकाळी चालत होतं ना?"

"सकाळी चालत नव्हतं, साहेब. सकाळी खोटं बोलत होतं."

"ताई, मला कोडं घालू नका. सकाळी हिरवं होतं, तुम्ही हात लावलात आणि बंद पडलं."

हा न्याय त्या खोलीत जुनाच होता. घाण करणारा तो हुशार आणि घाण दाखवणारा तो घाणेरडा. ताईनं त्यांना खोटा रुग्ण दाखवला, फाइल दाखवली, मधली गिळागिळी दाखवली. साहेबांनी कपाळावर हात फिरवला.

"ठीक आहे, चूक आहे. पण सोमवार पक्का आहे. आत्ता पहिल्यासारखं ठेवा, सुरू होऊ दे, मग आठवड्याभरात सावकाश दुरुस्त करा. काउंटरवरची बाई काय डोळे मिटून औषध देते का? ती विचारेलच की रुग्णाला."

"ती पट्टी बघते, साहेब. पट्टी त्यासाठीच केली आपण."

"तुमच्या आईचं ऑपरेशन आहे ना तिथे? म्हणून तुम्हाला जरा जास्त..."

"हो, आहे. मंगळवारी. आणि माझी आई नसती तरी ती कोणाची तरी असतीच. हे असं गेलं, तर मी स्वतः हॉस्पिटलला फोन करून सांगेन की पट्टीवर विश्वास ठेवू नका. मग मला काढा नाहीतर ठेवा."

साहेबांना तिचा किळसलेला चेहरा नेहमीचाच होता, पण आज त्याखाली आणखी काही होतं. ते म्हणाले, "शनिवारी दुपारपर्यंत बघा. नाही झालं तर मीच त्यांना सांगतो, पुढे ढकला म्हणून." आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

ताईनं रुमालानं कीबोर्ड पुसला आणि एरर वाचायला घेतला. पहिली ओळ नव्हे. पहिली ओळ सगळेच वाचतात, बोक्यानंही वाचली होती. "क्लासपर्यंत पोचता येत नाही." एवढी वाचून तो क्लासचे दरवाजे तोडायला धावला होता. पण एररचं मूळ नेहमी तळाशी असतं, आणि तळापर्यंत उतरायचा कंटाळा नसलेला माणूस त्या खोलीत एकच होता. ती ओळीमागून ओळ उतरत गेली. अगदी खाली स्पष्ट लिहिलेलं होतं की हा क्लास ज्या विभागात आहे तो विभागच वाचकासाठी उघडलेला नाही.

नव्या आवृत्तीचा तो नियमच होता. पूर्वी वाचक घरभर हिंडायचा. आता प्रत्येक विभागाला बाहेरून कुलूप, आणि कोणाला आत घ्यायचं हे प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहून सांगावं लागायचं. बोक्यानं आतल्या सगळ्या कपाटांची दारं उपटून काढली होती आणि खोलीचं कुलूप तसंच राहिलं होतं. वाचक बिचारा बाहेर उंबऱ्यावर उभा.

आधी तिनं बोक्याचं उघडं टाकलेलं सगळं परत मिटलं. एकेक क्लास, एकेक दार. हे करायची तातडी नव्हती, पण उकिरड्यावर बसून तिला काम करवत नसे. मग सुरुवातीच्या त्या पानावर एक ओळ लिहिली. हा विभाग या वाचकाला उघडा, बाकी कोणाला नाही. चालवलं.

पुन्हा एरर. पण वेगळा. बोका मागून बघत होता, म्हणाला, "बघा, नाहीच जात."

"बदललाय," ताई म्हणाली. "बदलला म्हणजे आपण पुढे सरकलो. खाली जा, वाच."

नवा एरर सांगत होता की ॲलर्जीचा क्लास एकट्यानं तयार होऊ शकत नाही. आणि ते खरंच होतं. कोणीतरी तो रुग्णाच्या क्लासच्या पोटात लिहून ठेवला होता, असा की आधी रुग्ण उभा असल्याशिवाय तो जन्मालाच येऊ शकत नव्हता. वाचकाला हवा होता सुटा साचा, आणि हा नाळेला बांधलेला. जुन्या प्रोग्राममध्ये यावर कोणीतरी एक वेडंवाकडं ठिगळ लावलं होतं आणि नव्या आवृत्तीत ते गळून पडलं होतं. ठिगळ बघून ताई दोनदा "शी" म्हणाली. मग तिनं तो क्लास पोटातून बाहेर काढला, स्वतंत्र केला, रिकामा तयार होण्याची सोय दिली. शेवटी पट्टी घेतली. आता वाचताच आलं नाही तर हिरवी नाही, लालही नाही. पिवळी पट्टी, आणि त्यावर "माहिती वाचता आली नाही, विचारून घ्या."

शनिवारी बाराच्या आत तिनं खोट्या रुग्णाला पुन्हा काउंटरवर उभं केलं. पडदा क्षणभर पांढरा राहिला आणि मग वर लाल पट्टी उमटली. भडक, ओंगळ लाल. इतकी सुंदर गोष्ट तिनं त्या खोलीत पाहिली नव्हती.

साहेबांनी हॉस्पिटलला फोन करून सांगितलं की आमच्या टीमनं सुरक्षेत मोठी सुधारणा केली आहे. बोका म्हणाला, "शेवटी एका ओळीचंच काम होतं की." ताईनं कप कुलपात ठेवला आणि घरी गेली. काही लोकांवर राग वाया घालवू नये.

मंगळवारी सकाळी आई हॉस्पिटलच्या पलंगावर हिरवा झगा घालून बसली होती आणि झगा आपल्याला शोभत नाही म्हणून कुरकुरत होती. ताईनं पलंगाचा कठडा पुसून घेतला होता, टेबल पुसलं होतं, पाण्याचा ग्लास घरून आणला होता. नर्स आली, तिच्याबरोबर चाकांवरचा कॉम्प्युटरचा पडदा, आणि ट्रेमध्ये औषधं.

"आजी, कुठल्या औषधाचा त्रास होतो का तुम्हाला?"

"काही नाही गं बाई."

"इथे तर लाल पट्टी दिसतेय. खालून इंजेक्शनही बदलून आलंय, आधीचं काउंटरवरच अडलं म्हणे."

ताईनं मान वळवून पडदा बघितला. तिची लाल पट्टी. आईनं मात्र तिच्याकडे रागानं पाहिलं. "गावभर सांगितलंस वाटतं?"

"सांगितलं. बरं केलं."

नर्सनं कागदाची छोटी वाटी पुढे केली. "ही दुखण्याची गोळी. हिला हिरवी आहे. आता घ्या, म्हणजे नंतर ठणका कमी लागेल."

आईनं वाटी हातात घेतली. आत एक लांबट पांढरी गोळी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा दुसरा हात नकळत गळ्याकडे गेला, जरासा, पदर सारखा करावा तसा. पण झग्याला पदर नव्हता. ताईनं ते बघितलं. लपवलेलं हेरण्यापलीकडे आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय होतं?

"आई, ही गोळी आधी घेतली आहेस?"

"घेतली असेन."

"तेव्हा काही झालं होतं?"

"काही नाही."

"आई."

"अगं, थोडा घसा आवळतो. श्वास जरा ओढून घ्यावा लागतो. बसून राहिलं की मोकळा होतो मग. त्यात काय सांगायचं?"

नर्सनं वाटी आईच्या हातातून हलकेच काढून घेतली. "एकदाच झालं, आजी?"

"घेतली की होतं," आई म्हणाली, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तशा आवाजात.

पट्टी बरोबर होती. वाचकानं जे होतं ते सगळं वाचलं होतं, साचे भरले होते, काही गिळलं नव्हतं. फाइलमध्येच नव्हतं. एका घरात, एका पंगतीला बसून, वर्षानुवर्षं हे तिच्या समोर चाललं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"मला का नाही सांगितलंस कधी?" तिचा आवाज चढला. "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला? तुला काही सांगायचं म्हणजे आधी तुझं तोंड बघावं लागतं. हे बघ, आत्तासुद्धा तसंच केलंयस. लहानपणी मांजरानं घाण केली की करायचीस ना, तसं. मला दुखतं म्हटलं की तू आधी चिडतेस आणि मग धावतेस. मग वाटतं, नकोच. गिळावं आणि गप्प बसावं."

नर्स पडद्यावर काहीतरी लिहू लागली. ताई उभीच होती. तिला बोक्याचं पुटपुटणं आठवलं. सगळ्या ऑफिसला पाठ आहे. तिनं चेहरा सारखा करायचा प्रयत्न केला, पण तो कसा करतात हे तिला कुठे ठाऊक होतं?

"गोळीचं नाव काय लिहिलंत?" तिनं नर्सला विचारलं, आणि नर्सनं पडदा तिच्याकडे वळवला. लाल पट्टीखाली आता दोन नावं होती.

आईनं तिचा हात धरून तिला पलंगाच्या कडेला बसवलं. "काय झालं तुला? पांढरीफटक पडलीस."

"काही ना..." ताई म्हणाली आणि थांबली. ओठांवर आलेलं ते वाक्य तिनं तिथेच सोडलं.

"घाबरले गं आई," ती म्हणाली. "खूप घाबरले."